हाइट सेन्सर नवीन टाकला तरी मागची डावी बाजू वेड्यासारखी वर-खाली, ईसीयू (सस्पेन्शनचा कंट्रोल कॉम्प्युटर) गेला म्हणतायत

घाटवळण
नमस्कार मंडळी. गाडी युरोपियन ट्रॅक्टर, ४ बाय २, पुढे पाटे आणि मागे हवेचे बलून, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आणि केबिनमध्ये वर-खाली करायचा रिमोट. मागे चेसीची उंची मोजणारे दोन हाइट सेन्सर आहेत, डावा-उजवा वेगळा. काम न्हावा शेवा ते चाकण, कंटेनर.
झालं असं की एक्सप्रेसवेवर मागचा डावा आतला टायर फुटला, रिमोल्ड होता (जुन्या टायरवर नवी रबरी पट्टी चढवलेला), पट्टी सुटली आणि गाडी थांबेपर्यंत तिने चेसीखाली जे काय बडवलं ते विचारू नका. टायर बदलून निघालो तर सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागलेला आणि गाडी डावीकडे बसलेली. मेस्त्रीने स्कॅनर लावला, डाव्या सेन्सरचा बिघाडाचा कोड आला, त्याने सेन्सर बदलला. बाहेरचा माल आहे पण दिसायला सेम. आणि आता आधीचं दुखणं परवडलं अशी गत झालीय, चावी लावली की डावी बाजू वर वर जातच राहते, बलून पूर्ण ताणला तरी हवा भरणं थांबत नाही, उजवी बाजू आपली जागेवर, म्हणजे गाडी एक पाय उंबऱ्यावर ठेवून उभी राहिल्यासारखी दिसते. आणि कधी कधी बरोब्बर उलटं, डावी बाजू पूर्ण बसते, पार रबरी स्टॉपवर, आणि उठतच नाही. मेस्त्री म्हणतो ईसीयू गेला. ईसीयूचा भाव ऐकून मालकाने फोन ठेवला. खरंच ईसीयू असेल का हो?

कळंबोलीकर
आधी साबणाचं पाणी मारा. बलून, व्हॉल्व्ह ब्लॉक, पाइपांचे सांधे, सगळीकडे. आमच्याकडे दहातल्या आठ गाड्या ज्या "सेन्सर गेला" म्हणून येतात त्यांची हवा गळत असते.

घाटवळण
मारलं दादा, बुडबुडे नाहीत. रात्रभर चावी काढून उभी ठेवली तर सकाळी होती तिथेच असते.

कळंबोलीकर
मग गळती नाही. चावी बंद असताना बसली तर हवा गळतेय, चावी लावल्यावरच नाटकं करते तर कंट्रोलचा प्रॉब्लेम. माझं काम संपलं, आता नानांची वाट बघा.

वायरिंगवाले_नाना
आलो. ईसीयूला अजिबात हात लावू नका आणि कोणी विकत आणायला निघाला असेल तर त्याला परत बोलवा. एकच प्रश्न विचारतो, नीट आठवून सांगा. चावी लावायच्या आधी डावी बाजू नॉर्मलपेक्षा थोडी उंच असेल तेव्हाच ती अजून वर जाते, आणि थोडी खाली असेल तेव्हाच अजून खाली जाते, असं आहे का?

घाटवळण
आज मुद्दाम बघितलं. होय नाना, अगदी तसंच! जिकडे कलली असेल तिकडेच पळते. तुम्हाला कसं कळलं?

वायरिंगवाले_नाना
सेन्सरची दांडी उलटी बसवलीय हो तुमच्या मेस्त्रीने. सविस्तर सांगतो कारण हे फार ठिकाणी होतं आणि फुकट ईसीयू बदलले जातात.
सेन्सर चेसीला बोल्टने बसलेला असतो, त्याच्या फिरत्या शाफ्टवर एक आडवी दांडी, दांडीच्या टोकाला उभा लिंक रॉड, आणि रॉडचं दुसरं टोक ॲक्सलवर. चेसी आणि ॲक्सलमधलं अंतर वाढलं की दांडीचं टोक खाली ओढलं जातं आणि शाफ्ट एका दिशेने फिरतो, अंतर कमी झालं की दुसऱ्या दिशेने. ईसीयूला उंची दिसत नाही, त्याला फक्त शाफ्ट कुठल्या बाजूला किती फिरला तेवढंच कळतं. आता तोच सेन्सर अर्ध्या गोलाने फिरवून बसवला किंवा दांडी शाफ्टच्या चुकीच्या बाजूला घातली की सगळा हिशोब उलटा. गाडी उंच आहे तेव्हा ईसीयूला वाटतं खाली आहे, म्हणून तो हवा भरतो, भरली की त्याला अजून खाली गेल्यासारखं वाटतं, म्हणून अजून भरतो. बसलेली असेल तर तसंच उलट, सोडतच राहतो. बिचारा ईसीयू त्याला शिकवलेलं काम इमानदारीत करतोय.
खरोखर मेलेला सेन्सर असं वागत नाही. मेलेल्या सेन्सरला ईसीयू ओळखतो, कोड टाकतो आणि लेव्हलिंग सोडून देतो, गाडी आहे तिथे राहते. एका टोकाला पळणारी गाडी म्हणजे सेन्सर जिवंत आहे पण खोटं बोलतोय.
उजव्या बाजूचा फोटो काढा, डाव्याचा काढा, शेजारी ठेवून बघा. शाफ्टच्या टोकावर खूण असते, ती पण बघा.

ताफा_ताई
नाना एक नंबर. पण एक गोष्ट मी आधीच लिहिते, नाहीतर कोणीतरी उत्साहात आज रात्रीच गाडीखाली घुसेल. सेन्सरशी खेळताना चावी ऑन असेल तर दांडी हलवणं म्हणजे गाडीला हुकूम देणं. तुम्ही हाताने दांडी खाली ओढली की ईसीयू समजतो चेसी उंच झाली, आणि खटकन हवा सोडतो, आणि अख्खी चेसी तुमच्या अंगावर येते. बलूनच्या भरवशावर कोणीही खाली जायचं नाही. चेसीखाली दोन्ही बाजूंना घोड्या (आधाराचे लोखंडी स्टँड), चाकांना ठोकळे, मगच. आमच्या यार्डात हा नियम मोडला तर मी त्या दिवशी त्या माणसाला घरी पाठवते, मग तो कितीही जुना मेस्त्री असो.

घाटवळण
ताई, नोंद केली. उद्या रविवार, गाडी रिकामी आहे, बघतो.

मीटर_वाचक
मल्टिमीटरवाल्यांसाठी थोडं. ट्रकवरचे सेन्सर दोन जातीचे भेटतात आणि दोघांची तपासणी वेगळी.
जुनी आणि अजूनही खूप दिसणारी जात म्हणजे इंडक्टिव्ह. आत कॉइल, दांडी फिरली की लोखंडी गाभा कॉइलमध्ये आत-बाहेर होतो, ईसीयू तो बदल मोजतो. वॅबको कंपनीच्या या सेन्सरच्या कॉइलचा रोध साधारण १२० ओहम असतो. बऱ्याच लोकांची इथेच फसगत होते, मीटर लावतात, दांडी वर-खाली करतात, आकडा हलत नाही, मग "सेन्सर डेड" म्हणून फेकून देतात. अहो तो हलणारच नाही, रोध बदलत नाही, बदलतो तो इंडक्टन्स. ओहमने एवढंच कळतं की कॉइल तुटलीय का किंवा शॉर्ट आहे का.
दुसरी जात तीन वायरची, हॉल इफेक्टवाली. एक ५ व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत, दांडी सावकाश फिरवली की आकडा गुळगुळीत सरकला पाहिजे, मध्ये उडी मारली किंवा शून्य झाला तर सेन्सर किंवा वायर. हिला ओहममध्ये मोजूच नका, अर्थ लागत नाही.
आणि मीटर लावताना पिनमध्ये टोकदार प्रोब खुपसू नका, पिन रुंदावते आणि मग नवीनच आजार.

कॅलगरीकर
विषयांतर करतोय, माफी. माझा ट्रक नाही, पिकअप आहे, चारही कोपऱ्यांवर हवा. इथे थंडीत बर्फाचा चिखल लिंक रॉडच्या बॉल जॉइंटवर गोठतो, मग दांडी अडकते, गाडी एका कोपऱ्यात वाकडी. डीलर सेन्सर बदलायला निघाला होता. मी गाडी तापलेल्या गॅरेजमध्ये रात्रभर उभी केली, बर्फ वितळला, कोड पुसला, दिवा गेला. तेव्हा सेन्सर बदलायच्या आधी दांडी हाताने फिरतेय का हे बघणं माझ्यासाठी पहिली पायरी. (चावी बंद करून, ताईंचं वाचलं!)

वायरिंगवाले_नाना
विषयांतर कसलं, तेच तर आहे. आपल्याकडे बर्फाच्या जागी कोकणातली लाल माती. मुंबई-गोवा रस्त्यावर पावसाळ्यात चालणाऱ्या गाड्यांचे बॉल जॉइंट बघा, माती वाळून दगड झालेली असते, मग रॉड वाकतो किंवा दांडी शाफ्टवर घसरते. दांडी घसरली की कोड पण येत नाही कधी कधी, कारण सिग्नल आहे, नुसता चुकीचा आहे. गाडी वाकडी चालते आणि ड्रायव्हर म्हणतो लोड एका बाजूला भरलाय.

ताफा_ताई
आणि वॉशिंग सेंटर! जोराचा पाण्याचा मारा थेट कनेक्टरवर. दोन आठवड्यांनी पिना हिरव्या. आम्ही आता धुणाऱ्या पोराला सांगून ठेवलंय की चेसीच्या आतल्या बाजूला पाइप लांबून धर. कनेक्टर उघडला की आतला रबरी वॉशर जागेवर आहे का ते बघायचं, तो हरवलेला असतो बऱ्याचदा कारण आधीच्या माणसाने परत घातलेलाच नसतो. आणि पार्किंग शेताला लागून असेल तर उंदीर, त्याबद्दल लिहायचं तर वेगळा धागा काढावा लागेल.

उत्तर_जर्मनी
इथे ब्रेमेनजवळ ट्रक चालवतो, आधी नाशिकला चालवायचो. कोड वाचण्याबद्दल एक. "हाइट सेन्सरचा कोड आला" एवढं पुरत नाही, कोडच्या मागचा एफएमआय आकडा (बिघाडाचा प्रकार सांगणारा) विचारा मेस्त्रीला. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट तुटलेलं, हे तिन्ही बहुतेक वायरकडे बोट दाखवतात. २ म्हणजे सिग्नल विचित्र, येतो-जातो. ७ म्हणजे यांत्रिक भाग साथ देत नाहीये, आणि १३ म्हणजे कॅलिब्रेशन (ईसीयूला शिकवलेले उंचीचे आकडे) बाहेर. ७ आला आणि तुम्ही सेन्सर बदलला तर पैसे पाण्यात, तिथे रॉड, व्हॉल्व्ह, हवा हे बघायचं असतं. घाटवळण, पहिल्या वेळी कुठला होता?

घाटवळण
मेस्त्रीकडे स्क्रीनचा फोटो होता म्हणून मिळाला. पहिला कोड ५ होता, टायर फुटल्यानंतरचा. सेन्सर बदलल्यावर तो गेला आणि ७ आला.

मीटर_वाचक
हे सोनं आहे. ५ म्हणजे तेव्हा सर्किट खरंच तुटलं होतं. नवीन सेन्सर लावताना कनेक्टर काढून परत लावला गेला, कदाचित त्यानेच तात्पुरतं जोडलं गेलं. जुना सेन्सर फेकू नका, १२० ओहम दाखवतोय का बघा.

घाटवळण
अपडेट देतो.
दांडी उलटीच होती!! उजव्या बाजूला दांडीचं तोंड मागे, डाव्या बाजूला पुढे. काढून खुणेप्रमाणे बसवली, खाली घोड्या लावूनच, ताई. चावी लावली, हवा भरली, थांबली. मालकाला व्हिडिओ पाठवला. आणि जुना सेन्सर मोजला, ११८ आला.
पण पूर्ण सुख नाही. एक, डावी बाजू उजवीपेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर खाली राहते. दोन, रिकामी असताना चाळीस-पन्नासच्या स्पीडला मागून गुरगुर येते जी आधी नव्हती. तीन, बोरघाट चढताना पिवळा दिवा लागतो आणि वर खंडाळ्याला पोहोचलो की जातो.

कळंबोलीकर
गुरगुर म्हणजे क्रॉस (मागे जाणाऱ्या शाफ्टचा सांधा) गेला असेल.

वायरिंगवाले_नाना
क्रॉस गेला नसेल, त्याला कोन चुकीचा मिळतोय. मागची उंची ठरल्याबाहेर गेली की गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंतच्या शाफ्टचा कोन बदलतो आणि शाफ्ट धडधडतो. असंच चालवलं तर मात्र क्रॉस जाईल. उंची आधी नीट करा.
दोन-अडीच सेंटीमीटर का, तर दोन कारणं. ज्या पट्टीने चेसी बडवली तिने सेन्सरचा ब्रॅकेट पण वाकवला असणार, सरळ फूटपट्टी धरून बघा वाकलाय का. आणि दुसरं, नवीन सेन्सर टाकल्यावर कॅलिब्रेशन केलंच नाहीये. दोन सेन्सर कितीही सारखे दिसले तरी त्याच उंचीला दोघांचा आकडा वेगळा येतो, आणि ईसीयूच्या डोक्यात अजून जुन्या सेन्सरचे आकडे बसलेत.
ब्रॅकेट सरळ करायला गरम करू नका आणि चेसीवर वेल्डिंग तर नकोच. करावंच लागलं कुठे तर बॅटरीची दोन्ही टोकं काढा, ईसीयूचे प्लग काढा, आणि वेल्डिंगची अर्थ वेल्डच्या अगदी जवळ लावा. नाहीतर मेस्त्री म्हणत होता तसा ईसीयू खरोखर जाईल.

मीटर_वाचक
घाटातल्या दिव्यासाठी युक्ती सांगतो. ईसीयूचा प्लग काढा, चावी बंद, आणि त्या प्लगमधल्या डाव्या सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर लावा. आता सेन्सर अधिक पूर्ण वायर एकाच वेळी मोजली जाते. ११८-१२० स्थिर दिसेल. मग दुसऱ्या माणसाला सांगा, वायरिंगची लड सेन्सरपासून केबिनपर्यंत हाताने थोडी थोडी हलवत ये, खास करून जिथे पट्टीचा मार बसला तिथे. आकडा जिथे उडेल तिथे टेप सोडवा. त्यानंतर दोन्ही पिनांपासून चेसीपर्यंत मोजा, तिथे काहीच दाखवायला नको, थोडा जरी रोध दाखवला तरी वायर कुठेतरी चेसीला घासतेय. घाटात चढावर आणि वळणावर चेसी पिळते, लड ताणली जाते, सपाट रस्त्यावर मेस्त्री दहा वेळा बघेल आणि "सगळं ओके" म्हणेल.

उत्तर_जर्मनी
कॅलिब्रेशन करायला गेल्यावर तिथे उभं राहून हे बघा. जमीन सपाट, टायरची हवा सारखी, हवेच्या टाक्या पूर्ण भरलेल्या. चाकांना ठोकळे लावून पार्किंग ब्रेक सोडलेला पाहिजे, हे बरेच जण करत नाहीत. मागचा ॲक्सल वर-खाली होताना चाकं किंचित फिरतात, ब्रेक लावलेला असेल तर सगळं पिळून राहतं आणि उंची चुकीची नोंदली जाते. मग टेप घेऊन चेसी ते ॲक्सल अंतर दोन्ही बाजूंना स्वतः मोजा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे मिलिमीटर दिलेत तेच. स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास नको, तोच तर शिकवायचाय. आधी नॉर्मल उंची नोंदवतात, मग सर्वात वर, मग सर्वात खाली.

कॅलगरीकर
एक शंका. गाडी चालताना खड्ड्यात चाक गेलं की दांडी केवढी हलते, मग ईसीयू सारखी हवा भरत-सोडत कसा नाही?

वायरिंगवाले_नाना
चालत्या गाडीत तो घाई करत नाही, साधारण मिनिटभराचं सरासरी माप घेतो आणि मगच ठरवतो. उभ्या गाडीत मात्र लगेच प्रतिसाद देतो, कारण तेव्हा लोड चढत-उतरत असतो. म्हणून चालताना सारखा फुसफुस आवाज येत असेल तर तेही लक्षण धरा, सिग्नल नाचतोय.

घाटवळण
झालं मंडळी. ब्रॅकेट वाकलेलाच होता, गंमत म्हणजे डोळ्यांना दिसत नव्हता, फूटपट्टी धरली तेव्हा फट दिसली. काढून वाइसमध्ये थंडच सरळ केला. लड हलवत गेलो तर डिझेल टाकीच्या मागे, चेसीच्या आडव्या मेंबरवरून जिथे वळते तिथे मीटर एकदम ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवायला लागला. टेप सोडली तर काळं आवरण सोललेलं, आत दोन वायरी, एकीचं तांबं उघडं आणि अर्धं तुटलेलं. तेवढा तुकडा कापून नवीन जोडला, वर श्रिंक ट्यूब, लड क्लिपने मेंबरपासून लांब बांधली. मग कॅलिब्रेशन, ब्रेक सोडून, टेपने मोजून. कॅलिब्रेशनवाला आधी ब्रेक लावूनच करत होता, मी म्हटलं जर्मनीवरून ऑर्डर आलीय.
आता दोन्ही बाजू सारख्या, गुरगुर गेली, भरलेल्या गाडीने घाट चढलो, दिवा नाही. जुना सेन्सर चांगलाच होता म्हणजे, तो आता केबिनमध्ये स्पेअर म्हणून ठेवलाय.

मीटर_वाचक
जोड क्रिंप केला (नळी दाबून) का सोल्डर?

घाटवळण
सोल्डर करून श्रिंक ट्यूब.

मीटर_वाचक
चालेल, पण सोल्डरच्या दोन्ही कडांना वायर कडक होते आणि कंपनाने तिथेच तुटते. दोन्ही बाजूंना वाव न देता क्लिप लावा, म्हणजे जोड हलणार नाही. पुढच्या सर्व्हिसला क्रिंप करून घ्या.

ताफा_ताई
ट्रेलरचं कोणी विचारेल म्हणून लिहिते. आमच्या बऱ्याच हवेच्या ट्रेलरवर हे इलेक्ट्रॉनिक प्रकरण नाहीच, साधा लेव्हलिंग व्हॉल्व्ह आहे, दांडी थेट व्हॉल्व्ह उघडते. तिथे स्कॅनर लावून काही मिळणार नाही.

कळंबोलीकर
ताई त्याची दांडी उलटी लागली तर?

ताफा_ताई
तीच तऱ्हा. भरत सुटतो किंवा सोडत सुटतो. फक्त कोड येत नाही आणि चावी बंद केली तरी थांबत नाही.